सहभाग कोणाचा, कोणात?

गेल्या तीन-चार दशकांत शासकीय मराठीने जे शब्द लोकांच्या तोंडी रुळवले, त्यांत ‘लोकसहभाग’ ह्या शब्दाइतका निरागस दिसणारा शब्द दुसरा नसेल. पाणलोट असो, शाळा असो, ग्रामस्वच्छता असो वा जंगल असो, योजनेच्या पहिल्या परिच्छेदात तो येतो आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत त्याला कोणी अडवीत नाही. जंगलाच्या बाबतीत मात्र त्याला अडवणे अगत्याचे आहे. ‘स्थानिक लोकांचा वनव्यवस्थापनात सहभाग’ हा पदबंध जितका उदार वाटतो तितकाच तो एका जुन्या बळकावणीवर पांघरूण घालणारा आहे. आणि शब्दांची पारख हा ज्यांचा व्यवसाय, त्या साहित्यिकांनी व समीक्षकांनी तो आजवर बिनतक्रार स्वीकारला आहे.

‘सहभाग’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याला ‘कशात’ हे सांगावे लागते, आणि ते जे काही असेल ते आधीच दुसऱ्या कोणाचे तरी असावे लागते. माणूस स्वतःच्या संसारात सहभागी होत नाही. शेतकरी स्वतःच्या पेरणीत सहभागी होत नाही. लग्नात सहभागी होतात ते वऱ्हाडी. नवरा-नवरीचा लग्नातील सहभाग असे कोणी म्हणत नाही. ‘सह’ हा उपसर्ग बरोबरीचा भास निर्माण करतो खरा, पण बोलावणारा कोण आणि बोलावलेला कोण हे तो आधीच ठरवून टाकतो. जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला त्याच जंगलाच्या व्यवस्थापनात ‘सहभागी’ होण्याचे आमंत्रण दिले जाते, तेव्हा यजमानपण कोठून आले हा प्रश्न विचारला जाऊ नये अशीच त्या शब्दाची योजना असते.

ते यजमानपण कोठून आले, ह्याला दप्तरी उत्तर आहे. हिंदुस्थानात वनखाते १८६४ साली स्थापन झाले आणि डिट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख झाला. १८६५ चा पहिला वनकायदा अपुरा ठरला म्हणून दुसऱ्या कायद्याची तयारी सुरू झाली आणि तिच्या निमित्ताने इंग्रज अधिकाऱ्यांमध्येच जो वाद झाला तो वस्तुतः दोन शब्दांचा वाद होता. गावकरी रानातून लाकूडफाटा आणतात, गुरे चारतात, हा त्यांचा हक्क की सरकारने आजवर न रोखलेली सवलत? बेडन-पॉवेल ह्या अधिकाऱ्याचा आग्रह असा की, जे कोणी लिहून दिले नाही तो हक्क नव्हे. राजाने डोळेझाक केली म्हणून प्रजेची मालकी सिद्ध होत नाही. मद्रास इलाख्याच्या महसूल अधिकाऱ्यांनी ह्याच्या उलट मत दिले: लोक जे परंपरेने वापरीत आले आहेत तो त्यांचा हक्कच आहे. ब्रांडिसने मधली वाट सुचवली आणि गावांसाठी स्वतंत्र जंगले असावीत असे म्हटले. १८७८ चा कायदा झाला तेव्हा विजय ‘सवलत’ ह्या शब्दाचा झाला. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग त्यात आले. पैकी पहिले दोन देशभर पसरले आणि तिसरा बहुतांशी कागदावर राहिला. १९२७ च्या कायद्यात त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रकरण छापील राहिले, ग्रामवने झाली नाहीत.

मराठी वाचकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. १८८३ साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी नव्या जंगलखात्यावर जो कोरडा ओढला आहे तो कायदा होऊन जेमतेम पाच वर्षे उलटली असताना ओढलेला आहे. डोंगर, दऱ्या, पडीक आणि गायराने खात्याच्या घशात गेली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना तोंड टाकायला जागा उरली नाही, हे त्यांनी शेतीच्या विपन्नावस्थेच्या कारणांत नोंदवले. पुढे मराठी समीक्षेने फुल्यांच्या ग्रंथाचे नाना परींनी विवेचन केले. त्यातील जंगलखात्याचा भाग बहुधा ओलांडून. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचेही तेच झाले. लोकनायक अणे ह्यांनी पुसदजवळ गवत कापले आणि कायदा मोडला, चिरनेरला गोळीबार झाला, हे स्वातंत्र्यलढ्याचे पान म्हणून पाठ्यपुस्तकात आले. पण ते गवत होते, आणि गवताचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर सुटला का, असे त्या पानाखाली कोणी विचारले नाही.

तो सुटला नाही. किंबहुना विदर्भाच्या पूर्व भागात तो स्वातंत्र्यानंतरच अधिक घट्ट झाला. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने तेथील जमीनदाऱ्या नष्ट झाल्या आणि जमीनदारांची जंगले सरकारजमा झाली. जमीनदारी गेली ह्याचे दुःख कोणाला असण्याचे कारण नाही. पण जमीनदाराच्या जंगलात गावाला जो ‘निस्तार’ होता, म्हणजे घरासाठी लाकूड, नांगरासाठी फाटा, कुंपणासाठी बांबू, गुरांसाठी चराई, तो नव्या धन्याच्या हाती आल्यावर आकसत गेला. पुरोगामी म्हणून योग्यच गणल्या गेलेल्या सुधारणेचा हा परिणाम आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा पुरोगाम्यांनी केली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण आणि १ जून १९९० चे केंद्राचे परिपत्रक ह्यांच्याकडे पाहावे लागते. वनधोरणाने प्रथमच वनाश्रित लोकांच्या गरजांना महसुलापेक्षा वरचे स्थान दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परिपत्रकाच्या मागेही एक खरी घटना होती. पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात अराबाडी येथे १९७०–८० ह्या दशकात वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी ह्यांनी गावकऱ्यांना विश्वासात घेऊन खुरटलेले सालवन राखले, आणि राखलेल्या वनाच्या उत्पन्नात गावाला चौथा हिस्सा असे तत्त्व तेथून रूढ झाले. सालाचे झाड बुंध्यापासून पुन्हा फुटते. त्याला चरण्या-तोडण्यातून थोडी उसंत मिळाली की ते उभे राहते. अराबाडीत ते उभे राहिले. येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आक्षेप पुढे आहे. ह्या एका ठिकाणच्या शहाणपणातून ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ नावाची जी देशव्यापी योजना तयार झाली, तिच्यात समिती गावाची पण सचिव बहुधा वनखात्याचा. राखण गावाची पण आराखडा खात्याचा. हिस्सा गावाचा पण टक्केवारी शासननिर्णयाने ठरवलेली, आणि समिती मोडण्याचा अधिकारही खात्याकडेच. ह्याला संयुक्त म्हणणे हे ‘संयुक्त’ ह्या शब्दावर अन्याय करणारे आहे. एकत्र कुटुंबात धाकट्या जावेचा कारभारात जेवढा सहभाग असे, तेवढाच हा.

आणि इतिहासात जेथे जेथे गावाच्या हाती जंगल खरोखर आले, तेथे ते आमंत्रणाने आलेले नाही. कुमाऊँमध्ये १९११ नंतर डोंगरच्या डोंगर राखीव झाले. १९२१ च्या उन्हाळ्यात ही राखीव जंगले पेटली. त्याच वर्षी तक्रार-निवारण समिती बसली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. आजही उत्तराखंडात वनपंचायती आहेत, आणि त्यांच्या नियमांत प्रत्येक दुरुस्तीबरोबर खात्याचा हात थोडा अधिक आत आला आहे. मिळवलेली गोष्ट सहभागाच्या नावाखाली परत कशी घेता येते ह्याचे ते चालते उदाहरण आहे.

महाराष्ट्रापुरता ह्या सगळ्याचा निवाडा गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा ह्या लहानशा गोंड गावाने केला. लेखा ह्या ग्रामपंचायतीतील हे गाव ‘मेंढा-लेखा’ ह्या जोडनावाने देशाला ठाऊक झाले. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपटनम ह्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. लालश्याम शाह महाराज आणि बाबा आमटे ह्यांच्या त्या आंदोलनात जिल्ह्यातील अनेक गावे उभी राहिली. मेंढा त्यांपैकी एक. धरणे अडली. बहुतेक ठिकाणी आंदोलन तेथे थांबते. मेंढ्याने पुढचा प्रश्न विचारला: धरणापासून वाचवलेले जंगल मग कोणाचे? ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या प्रश्नातून आली. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी, तसेच त्यांच्याबरोबर अभ्यास करणारे मोहन हिराबाई हिरालाल, ह्यांनी जी पद्धत बसवली तिची दोन अंगे आहेत. एक, ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. दुसरे, निर्णयाआधी अभ्यासगटात त्या विषयाची चर्चा. ज्याला पटले नाही त्याला हरवायचे नाही, थांबायचे. शहरी लोकशाहीला हे वेळखाऊ वाटते. पण जंगलाची राखण रात्री-अपरात्री, प्रत्येकाने, कोणी पाहत नसताना करावयाची असते. तेथे एकाचा मनातला विरोधही कुऱ्हाड होऊन जातो, हे ह्या गावाला ठाऊक होते.

वनहक्क कायदा २००६ च्या डिसेंबरात संमत झाला. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या उद्देशिकेतच आहे; एवढी स्वच्छ कबुली भारतीय विधिग्रंथात क्वचितच सापडेल. त्या कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे मेंढा हे देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले. ह्यानंतर जे घडले ते प्रहसनात शोभावे असे आहे. बांबू तोडण्याचा व विकण्याचा हक्क गावाला मिळाला होता, कारण वनहक्क कायद्याने बांबूची गणना ‘गौण वनोपजा’त केली होती. पण १९२७ च्या वनकायद्याच्या व्याख्येत बांबू ‘झाड’ होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. ह्या तीन शास्त्रांच्या भांडणात खात्याने असे मत घेतले की, गावाने बांबू तोडला तरी तो वाहून नेण्याचा परवाना खात्याचाच हवा, आणि परवाना काही मिळेना. तोडावा, पण हलवू नये! ज्या जंगलातून कागद गिरण्यांना वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू गेला, त्याच जंगलातला बांबू ग्रामसभेने विकायला काढताच तो झाड आहे ह्याची आठवण झाली. अखेर २०११ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले आणि एप्रिलमध्ये ते स्वतः मेंढ्याला येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. एका गावाला त्याच्याच रानातला बांबू गाडीत भरता यावा म्हणून दिल्लीहून मंत्री यावा लागला. पुढे २०१७ साली वटहुकूम काढून ‘झाड’ ह्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. पण तेथेही उद्देश सांगितला तो जंगलाबाहेरच्या जमिनीवरील बांबूला मोकळीक देण्याचा.

‘गौण’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. अलंकारशास्त्र शिकलेल्याला गौणी लक्षणा ठाऊक असते: मुख्यार्थ बाधित झाल्यावर गुणसादृश्याने येतो तो गौण अर्थ. येथे मुख्यार्थाची बाधा कोणासाठी झाली? तेंदू, मोह, हिरडा, चारोळी, मध, लाख हे ज्याच्या वर्षाचे मीठमिरची चालवते त्याच्यासाठी तेच मुख्य आहे आणि सागवान गौण आहे, कारण सागवान त्याच्या हाती कधीच लागायचे नाही. खात्याच्या जमाखर्चात सागवान मुख्य म्हणून बाकीचे गौण. एकाच्या वहीतला गौणमुख्यभाव दुसऱ्याच्या आयुष्यावर लादला गेला आणि कायद्याची परिभाषा म्हणून स्थिरावला. १९६९ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात तेंदूच्या व्यापारावर शासनाची मक्तेदारी होती. वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभांनी एकत्र येऊन लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. ह्यात धोका आहे. भाव पडले की नुकसान ग्रामसभेचे, ठेकेदाराने पैसे थकवले की वसुली ग्रामसभेची. पण हा धोका धन्याचा आहे; सहभागी माणसाला तो नसतो. जो बुडू शकत नाही तो मालक नव्हे, हे व्यापारी लोकांना समजते, धोरणकर्त्यांना समजत नाही.

साहित्याकडे वळले की चित्र अधिक चमत्कारिक दिसते. भारतीय कादंबरीला हा प्रश्न धोरणकर्त्यांच्या कितीतरी आधी कळला होता. गोपीनाथ मोहंती ह्यांच्या ‘परजा’मध्ये (१९४५) कोरापुटच्या सुक्रू जानीचा सर्वनाश दुष्काळाने किंवा दैवाने सुरू होत नाही, तो वनरक्षकापासून सुरू होतो. रानाचा तुकडा साफ करू देणे आणि मग त्यासाठीच दंड करणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असतात, त्याची वासना सुक्रूच्या मुलीवर असते, आणि दंड भरण्यासाठी घेतलेल्या कर्जातून वेठबिगारी येते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय ह्यांच्या ‘आरण्यक’चे (१९३९) भाग्य त्याहून विलक्षण. मराठी रसिकाने ती निसर्गाच्या अद्‌भुत वर्णनासाठी डोक्यावर घेतली. पण तिचा निवेदक सत्यचरण हा त्या रानात कशासाठी गेला आहे? तो जमीनदारीचा व्यवस्थापक आहे. रान तोडून जमीन कुळांना वाटून देणे हे त्याचे काम आहे, आणि रानावर जीव जडल्यावरही तो ते काम पुरे करतो. ‘व्यवस्थापन’ ह्या शब्दाचा एवढा भेदक अर्थ दुसऱ्या कोणत्याही भारतीय कादंबरीत नसेल. तरीही ती वाचून वाचकाच्या मनात उरते ते चांदणे. महाश्वेतादेवींनी बिरसा मुंडावरच्या आपल्या कादंबरीला ‘अरण्येर अधिकार’ असे नाव दिले. १९७९ साली साहित्य अकादेमीने तिला पुरस्कारही दिला. शीर्षकात ‘अधिकार’ आहे, ‘सहभाग’ नाही. बारा वर्षांनंतरही नाही, अकरा वर्षांनंतर आलेल्या परिपत्रकाने मात्र ‘सहभाग’ पुढे केला, आणि शीर्षकाचा गौरव करणाऱ्यांपैकी कोणाला ही घसरण खटकल्याची नोंद सापडणे कठीण.

मराठीतील रानाचे लेखन समृद्ध आहे, त्याबद्दल दुमत नको. मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्यात नोकरी करीत रानातल्या माणसांकडून शिकलेले शेकडो शब्द मराठीला दिले. हे ऋण मोठे आहे आणि ते कोणाकडून घेतले हे त्यांनी लपवले नाही. प्रश्न लेखकाचा नाही, वाचणाऱ्या समाजाचा आहे. ज्यांच्याकडून मराठीने शब्द घेतले त्यांचा शब्द तालुक्याच्या कचेरीत चालत नव्हता, हे त्या समाजाने पुस्तक मिटताना कधी मनात आणले नाही. मराठी समीक्षेत जंगल आले की ‘निसर्गचित्रण’ हा रकाना उघडतो. माणूस आला की ‘आदिवासी साहित्य’ हा दुसरा. रान आणि रानाचा धनी असे दोन रकान्यांत तोडून टाकल्यावर त्यांचा संबंध दिसणार कसा? वाहरू सोनवणे ह्यांची ‘स्टेज’ ही कविता, जिच्यात व्यासपीठाखाली बसवलेली माणसे आपलेच दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात, ती संमेलनांतून आवडीने उद्धृत होते. उद्धृत करणारा बहुधा व्यासपीठावर असतो. ह्या पार्श्वभूमीवर मिलिंद बोकील ह्यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) हे पुस्तक वेगळे उठून दिसते. कादंबरीकाराने कादंबरी न लिहिता एका गावाच्या कारभाराची सरळ हकीकत लिहिली, आणि तिच्यात चांदणे नाही, ठराव आहेत. वाङ्मयीन समीक्षेने तिला सामाजिक दस्तऐवज म्हणून बाजूला ठेवले. ज्या गद्यात ग्रामसभेचा ठराव हाच नाट्याचा क्षण होतो, ते गद्य वाङ्मय नव्हे असे ठरवणारी वाङ्मयाची व्याख्या कोणाच्या सोयीची आहे, हे निराळे सांगायला नको.

ह्या भूमिकेला जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत जुना असा की, जे सगळ्यांचे ते कोणाचेच नसते आणि म्हणून उजाड होते. गॅरेट हार्डिन ह्यांच्या १९६८ च्या निबंधाने ह्या समजुतीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. तिला उत्तर एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दिले: नियम नसलेले मोकाट रान आणि नियम असलेले सामायिक रान ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जगभर कित्येक समाजांनी दुसरी गोष्ट शतकानुशतके चालवली आहे. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मेंढ्याला हक्कपत्र मिळाले. खरे पाहता भारतात मोकाट रान निर्माण केले ते गावाचे नियम रद्द करणाऱ्या कायद्यानेच. राखण्याचा अधिकार काढून घेतल्यावर चोरण्याची संधी तेवढी उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. गाव म्हणजे कोण? बीना अगरवाल ह्यांनी वनसमित्यांचा जो अभ्यास केला त्यातून पुढे आले ते असे की, समित्यांत बायका नव्हत्या किंवा नावापुरत्या होत्या. पुरुषांच्या बैठकीत जंगल बंद करण्याचा ठराव झाला की रोजचे सरपण आणणाऱ्या बायकांना लांबच्या रानात जावे लागे, किंवा त्या चोर ठरत. सहभाग ह्या व्यवस्थेच्या पोटातच वगळणूक असते, हा त्यांचा निष्कर्ष. गावाच्या मालकीचा पुरस्कार करणाऱ्यांना हे अडचणीचे वाटते आणि ते गावाच्या एकजिनसीपणाची वर्णने करून ते टाळतात. टाळण्याचे कारण नाही. ‘सहभाग’ ह्या शब्दाविरुद्धचा जो युक्तिवाद खात्याला लागू तोच गावच्या पाटलाला लागू. सरपण जी आणते तिचा जंगलाच्या निर्णयात ‘सहभाग’ असून भागत नाही. तिच्यावाचून निर्णय होता कामा नये. मेंढ्याची सर्वसहमती ह्या कसोटीला उतरते का, हे मेंढ्यातील बायकांनी सांगावयाचे आहे; भक्तांनी नव्हे.

कारण ह्या क्षेत्रात भक्तही फार झाले आहेत. आदिवासी म्हणजे निसर्गाचा निष्पाप पुत्र, तो झाडाला देव मानतो, म्हणून जंगल त्याच्या हाती सुरक्षित, असा एक गोड सिद्धान्त शहरांत प्रिय आहे. चिपको आंदोलनाचे ह्या सिद्धान्ताने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९७३ साली चमोली जिल्ह्यातील मंडल येथे ठिणगी पडली ती अशी: दशोली ग्रामस्वराज्य संघाने शेतीची अवजारे करण्यासाठी अंगूची थोडी झाडे मागितली, ती नाकारली गेली आणि तीच झाडे क्रीडासाहित्य करणाऱ्या एका कंपनीला देण्यात आली. म्हणजे भांडण झाडे तोडण्याच्या हक्काचे होते. पुढच्या वर्षी रेणी गावात गौरादेवी व इतर बायकांनी ठेकेदाराची माणसे परत पाठवली, तेही गावाच्या रानावरच्या दाव्याने. स्मृतीत उरली ती झाडाला मारलेली मिठी. हक्काचे मिठीत रूपांतर झाले की कोणाचीच अडचण होत नाही.

नियमगिरीच्या बाबतीत ह्या गोडव्याची किंमतही दिसली. ओडिशातील ह्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निर्णयाने ग्रामसभांकडे सोपवला. राज्य सरकारने त्यासाठी बारा वस्त्या निवडल्या. न्यायाधीशाच्या उपस्थितीत त्या वर्षीच्या पावसाळ्यात बारा सभा झाल्या आणि बाराही सभांनी खाण नाकारली. भारतीय लोकशाहीच्या इतिहासातील हा थोर प्रसंग आहे. परंतु ह्या प्रसंगी डोंगरिया कोंधांच्या धार्मिक हक्कांवर विशेष भर होता. डोंगर हा नियमराजाचे स्थान आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागले. त्यांची शेती, त्यांचे झरे, त्यांचा नकार एवढ्याने भागले असते का, ह्याची शंका घेण्यास जागा आहे. देव नसलेल्या डोंगराखालच्या माणसांनी काय करावे? शिवाय त्या देवाच्या नावाकडे कोणी लक्ष दिले नाही. तो वनराजा नाही, गिरिराजा नाही. तो नियमराजा आहे. कायदा कोणाकडून येतो ह्याविषयीचे एक संपूर्ण मत त्या नावात होते, आणि अनुवादात ते ‘श्रद्धा’ झाले.

वन म्हणजे काय, ह्याचाही निर्णय एकदा शब्दकोशावर सोपवला गेला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यावा असे सांगितले. त्या आदेशाने पुष्कळ जंगल वाचले, हे निर्विवाद. परंतु कोशातल्या ‘वन’ ह्या नोंदीत झाडे असतात, माणसे नसतात. आणि त्याच न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्या लाखो कुटुंबांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. पण तेवढ्या दिवसांत ‘अतिक्रमक’ हा शब्द वर्तमानपत्रांतून किती सहज छापला गेला ते पाहिले म्हणजे भाषेने आपली बाजू केव्हाच निवडली आहे हे कळते. २०२३ च्या दुरुस्तीने १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचे नाव बदलून ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे भारदस्त केले आणि त्याची व्याप्ती आखडली. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायालयाला पुन्हा १९९६ च्या कोशार्थाची आठवण द्यावी लागली.

ह्याच काळात ‘लोकसहभाग’ हा शब्द शासकीय कागदांत पूर्वीपेक्षा अधिक वेळा येतो. २०१६ च्या कायद्याने प्रतिपूरक वनीकरणाचा प्रचंड निधी राज्यांच्या वनखात्यांकडे जाण्याची वाट मोकळी केली. गावाच्या सामूहिक हक्काच्या जमिनीवर त्या निधीतून रोपे लावली जातात तेव्हा फलकावर लोकसहभाग असतो, म्हणजे खड्डे खणणारी मजुरी गावची असते. २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन अन्य कामासाठी देण्याच्या प्रस्तावाबरोबर ग्रामसभेची संमती जोडणे आवश्यक केले होते. २०२२ चे नवे नियम आल्यावर केंद्राच्या अंतिम मंजुरीपूर्वी ती संमती पाहण्याचे बंधन उरले नाही. वनहक्क कायद्याचे पालन झाले की नाही हे मंजुरीनंतर, जमीन प्रत्यक्ष सोपवण्याआधी, राज्य शासनाने पाहावयाचे आहे. नियमगिरीच्या बारा वस्त्यांना २०१३ मध्ये जो प्रश्न विचारला गेला, तो आता दिल्लीचा निर्णय झाल्यावर विचारला तरी नियमाला पुरेसा आहे.